संगणकीय पदार्थविज्ञान : पदवीच्या अभ्यासाची एक नवी शाखा

बारावीची परीक्षा आटोपली कीं पुढें कोणत्या पदवीचा अभ्यास करावा, हा प्रश्न घरोघर निघतो. विज्ञानाकडे ओढा असलेल्या मुलामुलींपुढें अलीकडे एक नवें नांव येऊं लागलें आहे. तें म्हणजे संगणकीय पदार्थविज्ञान. पदार्थविज्ञान, म्हणजे ज्याला आज शाळा-कॉलेजांतून भौतिकशास्त्र म्हणतात तें, सर्वांच्या परिचयाचें आहे. संगणकहि आतां घरांत आला आहे. परंतु ह्या दोहोंचा संयोग होऊन जी विद्या बनते तिचें स्वरूप काय, तीन-चार वर्षें खर्ची घालून ती शिकण्याजोगी आहे कीं नाहीं, आणि शिकावयाची तर कशाकडे लक्ष द्यावें, याविषयीं बराच गैरसमज आढळतो. कोणास वाटतें, ही संगणकाच्या नोकरीकडे नेणारी एक आडवाट आहे. कोणास वाटतें, ज्यांना गणित जड जातें त्यांच्यासाठीं काढलेली ही सोपी पायवाट आहे. हे दोनही समज चुकीचे आहेत. कसे चुकीचे, हें या विद्येचा गाभा पाहिल्यावर आपोआप ध्यानांत येईल.

पदार्थविज्ञानाचे नियम थोडे आणि आटोपशीर आहेत. न्यूटननें १६८७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां गतीचे तीन नियम आणि गुरुत्वाकर्षणाचा एक नियम एवढ्या सामग्रीवर त्यानें आकाशांतील ग्रहांपासून समुद्राच्या भरती-ओहोटीपर्यंत सर्वांचा मेळ घालून दाखविला. सूर्य आणि एक ग्रह असे दोनच गोल विचारांत घेतले, तर ग्रहाची वाट कागदावर सूत्ररूपानें मांडतां येते. परंतु तिसरा गोल मध्यें आला कीं, सर्व परिस्थितींत लागू पडेल असें सुटसुटीत सूत्र मिळत नाहीं. नियम तेच, समीकरणेंहि हातांत आहेत, पण त्यांतून उत्तर मात्र निघत नाहीं. घोडें पेंड खातें तें येथें. आणि निसर्गांत तर दोनच वस्तूंचे प्रश्न फार थोडे. पेल्यांतील पाणी, आकाशांतील मेघ, लोखंडाचा तुकडा, सूर्याचें पोट, हे सर्व असंख्य कणांचे प्रश्न आहेत.

अशा वेळीं करावयाचें काय? सूत्र सांपडत नसेल तर आंकडे घालून पायरीपायरीनें हिशेब करावयाचा. ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. हॅलेचा धूमकेतु पुन्हां केव्हां येणार, हें ठरविण्यासाठीं पॅरिसमध्यें क्लेरो, लालांद आणि मादाम निकोल-रेन लपोत या तिघांनीं १७५७ व १७५८ सालीं कित्येक महिने बसून असा हिशेब केला. गुरु आणि शनि हे मोठे ग्रह धूमकेतूस वाटेंत किती ओढतात, हें त्यांनीं टप्प्याटप्प्यानें मोजलें. धूमकेतु १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या अगदीं निकट येईल, आणि ह्यांत एक महिन्याचें अंतर पडूं शकेल, असें क्लेरोनें जाहीर केलें. धूमकेतु १३ मार्च १७५९ रोजीं सूर्यानिकट आला. ह्या गोष्टींत दोन भाग आहेत, आणि दुसरा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. क्लेरोनें नुसतें उत्तर दिलें नाहीं; तें कितपत विश्वसनीय आहे हेंहि सांगितलें. संगणकीय पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या कोणत्याहि वर्गाच्या भिंतीवर ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास विजेवर चालणारे संगणक आले आणि जो हिशेब तीन माणसांस कित्येक महिने पुरत असे तो तासांच्या आटोक्यांत आला. ह्यामुळें केवळ वेग वाढला असें नाहीं. ह्या शास्त्रांत ज्ञान मिळविण्याचा एक तिसरा मार्ग उघडला. आजवर दोन मार्ग होते. एक तत्त्वज्ञाचा, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन नियमांवरून अनुमान काढण्याचा. दुसरा प्रयोगशाळेचा, म्हणजे निसर्गास प्रत्यक्ष विचारण्याचा. तिसऱ्या मार्गांत, नियम तेवढे संगणकास सांगावयाचे आणि त्या नियमांनीं चालणारें एक लहानसें जग त्याच्या पोटांत निर्माण करून त्यांत काय घडतें तें पाहावयाचें.

या मार्गाचें पहिलें ठळक उदाहरण १९५३ सालचें आहे. अमेरिकेंत लॉस अलामॉस येथें एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव्ह उलाम यांनीं ‘मॅनिअक’ नांवाच्या संगणकावर एक साधा दिसणारा प्रश्न घातला. स्प्रिंगांनीं एकमेकांस जोडलेल्या कांहीं डझन कणांची एक सांखळी त्यांनीं कल्पिली. मात्र स्प्रिंगांचें बल ताणाच्या अगदीं सरळ प्रमाणांत न ठेवतां त्यांत किंचित् फरक ठेवला. त्या सांखळीस एका प्रकारचा हेलकावा दिला तर ती ऊर्जा कालांतरानें सर्व प्रकारच्या हेलकाव्यांत वांटली जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. संगणकासाठीं आज्ञांची यादी, म्हणजे आज्ञावली किंवा प्रोग्रॅम, तयार करण्याचें काम मेरी त्सिंगू यांनीं केलें. यंत्रानें दिलेलें उत्तर अपेक्षेच्या उलट होतें. ऊर्जा कांहीं काळ पसरली खरी, पण पुढें ती जवळजवळ सगळी पहिल्या हेलकाव्यांत परत आली. १९५५ सालीं या कामाचा वृत्तांत लिहिला गेला आणि त्यांतून पुढील दशकांत संशोधनाच्या नव्या शाखा फुटल्या.

असें अनपेक्षित उत्तर समोर आलें कीं विचारी माणसाच्या मनांत पहिला प्रश्न उठतो : हें निसर्गाचें म्हणणें आहे कीं यंत्राची चूक आहे? श्रोतेहो, ह्या एका प्रश्नाचा निकाल लावतां येणें, हेंच संगणकीय पदार्थविज्ञानाचें शिक्षण. आज्ञावली लिहितां येणें हें त्याचें फक्त पहिलें पाऊल होय.

हें नीट समजण्यासाठीं पदवीच्या पहिल्या वर्षीं विद्यार्थ्यास जो धडा मिळतो तो पाहूं. एक मीटर लांबीच्या हलक्या दांडीला लहानसा गोळा लावून केलेला लंबक घ्या. त्यास थोडासा झोका दिला तर त्याचें एक आंदोलन दोन सेकंदांहून अगदीं किंचित् अधिक वेळांत पुरें होतें. हें सूत्र शाळेंतच शिकविलें जातें. परंतु तें लहान झोक्यापुरतेंच खरें. दांडी आडवी होईपर्यंत, म्हणजे ९० अंशांपर्यंत, लंबक वर नेऊन सोडला तर त्याच आंदोलनास शेंकडा अठरा वेळ अधिक लागतो, सुमारें २.३७ सेकंद. शाळेंतील सूत्र येथें उपयोगी पडत नाहीं. मग विद्यार्थी संगणकाकडे वळतो.

रीत सोपी आहे. वेळेचे लहान लहान तुकडे पाडावयाचे. समजा, एकेक तुकडा सेकंदाचा शंभरावा भाग. या क्षणीं लंबक कोठें आहे आणि त्याचा वेग किती, हें ठाऊक आहे. जागेवरून त्यावरील बल काढावें. बलावरून वेगांत पडणारा फरक काढावा. वेगावरून जागेंत पडणारा फरक काढावा. एक शतांश सेकंदानंतरची स्थिति हातीं आली. तिच्यावरून पुढची, तिच्यावरून त्यापुढची, अशी ही साखळी हवी तितकी लांबवितां येते. ही रीत अठराव्या शतकांत ऑयलरनें सांगितली. आज्ञावली लिहावयास दहा ओळी पुरतात, आणि संगणक निमिषांत उत्तर देतो.

पण तें उत्तर पाहिलें तर काय दिसतें? लहान झोक्याचा लंबक घेऊन वरील सरळ रीतीनें दहा सेकंदांचा हिशेब केला, तर दहा सेकंदांच्या शेवटीं लंबकाची ऊर्जा मूळच्या अडीच पटींहून अधिक भरते! कोणी धक्का दिला नाहीं, वारा नाहीं, तरी झोका आपोआप वाढत चालला आहे. असा लंबक जगांत कोठेंहि नाहीं. आज्ञावलींत एकहि चूक नाहीं, संगणकानें बेरीज-गुणाकार बिनचूक केले आहेत, आणि तरीहि उत्तर खोटें आहे. ज्याला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ठाऊक आहे त्याला तें खोटेपण तत्काळ दिसतें. ज्याला ठाऊक नाहीं तो रंगीत आलेख छापून मोकळा होतो.

वेळेचे तुकडे दहापट बारीक केले, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग घेतला, तर तीच वाढ शेंकडा दहावर येते. रोग कमी झाला, पण बरा झाला नाहीं. शिवाय हिशेब दसपट वाढला. खरा उपाय निराळाच आहे. जागेंतील फरक काढतांना जुना वेग न घेतां नुकताच काढलेला नवा वेग घ्यावयाचा. एवढा एकच बदल केला कीं ऊर्जा थोडी वरखालीं होते, पण वाढत जात नाहीं. लंबक खऱ्या लंबकाप्रमाणें झुलूं लागतो. कष्ट तेवढेच आणि उत्तर मात्र भरंवशाचें. हें असें कां होतें, याचें कारण लंबकाच्या गतिशास्त्रांत खोल दडलेलें आहे, आणि तें जाणण्यासाठीं गणित लागतें. म्हणूनच ही गणित टाळणारांची वाट नव्हे, असें मीं आरंभीं म्हटलें.

दुसरा धडा आंकड्यांच्या स्वभावाचा. एक तृतीयांश हा अपूर्णांक आपण दशांशांत लिहूं लागलों तर ०.३३३ असे तीन संपतच नाहींत. कोठें तरी हात आंखडावा लागतो. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांनीं मोजतो; त्याच्या पद्धतींत एक दशमांश ही आपणांस अगदीं निर्मळ वाटणारी संख्यासुद्धां अशीच न संपणारी आहे. तो ती कोठें तरी तोडतो, आणि अतिसूक्ष्म चूक राहते. एका वेळची चूक नगण्य असते. परंतु थेंबें थेंबें तळें सांचतें. आखाती युद्धांत सौदी अरबस्तानांतील दहरान येथें येणारीं क्षेपणास्त्रें पाडण्यासाठीं ठेवलेली एक यंत्रणा सुमारें शंभर तास अखंड चालू होती. तिचें घड्याळ सेकंदाच्या दशमांशांनीं वेळ मोजीत असे. शंभर तासांत त्या तुटक्या दशमांशाची चूक सांचत सांचत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळांत येणारें क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापतें. यंत्रणा भलत्याच जागीं पाहत राहिली, आणि २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं तें क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवासस्थानावर पडून २८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पहिल्या वर्षाच्या वर्गांत हा धडा ज्याला कंटाळवाणा वाटतो, त्यानें ही घटना आठवावी.

तिसरा धडा यदृच्छेचा. कांहीं प्रश्न असे असतात कीं त्यांतील सर्व शक्यता मोजून काढणें कोणत्याहि यंत्रास शक्य नसतें. १९४६ सालीं आजारांतून उठत असतां एकट्यानें खेळावयाच्या पत्त्यांचा डाव मांडतांना उलाम यांना सुचलें कीं, डाव जिंकण्याची शक्यता सूत्रानें काढण्यापेक्षां अनेक डाव खेळून किती जिंकले तें मोजणें सोपें. जुगाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लो या स्थळाचें नांव ह्या पद्धतीस मिळालें. आपल्या भाषेंत ही शितावरून भाताची परीक्षा. पण ही परीक्षा शास्त्रशुद्ध करावयाची तर दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. एक, शितें भांड्याच्या सर्व भागांतून घेतलीं पाहिजेत. वरचींच शितें पाहणारास तळाशीं करपलेला भात कळत नाहीं. दुसरी, उत्तराचा अचूकपणा दसपट वाढवावयाचा असेल तर शितें दसपट घेऊन भागत नाहीं, शंभरपट घ्यावीं लागतात. यंत्राचा वेग वाढला म्हणजे सर्व प्रश्न सुटतील, असें मानणारांस हा हिशेब सावध करतो.

ह्या विद्येच्या इतिहासांत एक नांव आपल्या शेजारचें आहे. हैदराबादेस १९२७ सालीं जन्मलेले अनीसुर रहमान यांनीं अमेरिकेंतील आर्गॉन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत १९६४ सालीं द्रवरूप आर्गॉन वायूचा संगणकावर अभ्यास केला. त्यांनीं ८६४ अणु घेतले. ही संख्या लहान वाटते. पण त्यांच्यांतील जोड्या मोजल्या तर ३,७२,८१६ भरतात, आणि अणु हलतील तसें प्रत्येक पायरीस एकमेकांवरील बल पुन्हां मोजावें लागतें. ह्या हिशेबांतून द्रवांतील अणु कसे भटकतात याचें जें चित्र निघालें, तें प्रयोगांतील मापनांशीं जुळलें. आज औषधांपासून नव्या धातूंपर्यंत सर्वत्र वापरली जाणारी ही पद्धत रहमान यांच्या त्या कामाकडे आपलें मूळ दाखविते, आणि अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय पदार्थविज्ञानासाठीं जें पारितोषिक देते तें त्यांच्याच नांवाचें आहे.

आतां पदवीच्या प्रत्यक्ष अभ्यासक्रमाकडे वळूं. अमेरिकेंतील ऑरेगन राज्याच्या विद्यापीठांत, कॉर्व्हालिस येथें, रूबिन लँडाउ यांनीं या शतकाच्या आरंभीं पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं ह्या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालविला. स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठानेंहि ह्या नांवाची पदवी ठेवली आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणीं हा विषय स्वतंत्र पदवी म्हणून नसून पदार्थविज्ञानाच्या पदवींतील एक अंग म्हणून शिकविला जातो. नांव कांहीं असो, चांगल्या अभ्यासक्रमाची चौकट सामान्यतः सारखीच असते.

पहिल्या वर्षीं गतिशास्त्र, कलनशास्त्र आणि रैखिक बीजगणित यांचा पाया घातला जातो. त्यांच्या जोडीला एक संगणकभाषा येते. आज ती बहुधा पायथॉन असते. परंतु १९५७ सालीं निघालेली फोरट्रान अद्याप मोठमोठ्या वैज्ञानिक आज्ञावलींत नांदते आहे, आणि सी ही भाषाहि अनेक ठिकाणीं शिकवितात. दुसऱ्या वर्षीं विद्युच्चुंबकत्व, तरंग आणि उष्मागतिकी ह्यांच्याबरोबर अवकल समीकरणें संगणकानें सोडविण्याच्या पद्धति, आणि गुंतागुंतीच्या कंपनांतून त्यांचे घटक वेगळे काढणें, हे विषय येतात. तिसऱ्या वर्षीं पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम सिद्धांत, आणि सांख्यिकीय यामिकी. तेथें माँटे कार्लोची पद्धत खऱ्या अर्थानें कामाला येते. एकच हिशेब अनेक संगणकांत वांटून कसा करावा, हेंहि शिकावें लागतें. शेवटीं एक प्रकल्प : एखादा प्रश्न स्वतः निवडावयाचा, समीकरणें मांडावयाचीं, आज्ञावली लिहावयाची, उत्तराची परीक्षा करावयाची आणि तें सर्व दुसऱ्यास समजेल अशा शब्दांत लिहून काढावयाचें. माझ्या मतें ह्या प्रकल्पांतच पदवीचें खरें मोल आहे.

मग ही पदवी आणि संगणकशास्त्राची पदवी यांत भेद कोणता? संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचें लक्ष यंत्रावर आणि आज्ञावलीच्या रचनेवर असतें. ती जलद, सुरक्षित आणि नीटनेटकी कशी होईल हें तो पाहतो. आपल्या विद्यार्थ्याचें लक्ष आज्ञावलीच्या पलीकडे, निसर्गावर असतें. हातीं आलेलें उत्तर ऊर्जेच्या नियमाशीं जुळतें काय, सूत्र माहीत असलेल्या सोप्या प्रश्नावर हीच आज्ञावली बरोबर उत्तर देते काय, तुकडे निम्मे केले तर उत्तर बदलतें काय, आणि प्रयोगांतील मापन काय म्हणतें, हे चार प्रश्न त्याच्या हाडींमाशीं खिळलेले असावे लागतात. आणखी एक पांचवा आहे : मुळांत जीं समीकरणें घातलीं तींच ह्या प्रसंगास योग्य होतीं काय? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? चुकीच्या गृहीतावर केलेला हिशेब कितीहि अचूक असला तरी तो चुकीचाच.

ही विद्या कोठें उपयोगी पडते, हें पाहण्यासाठीं दूर जावयास नको. पुण्यास १९८८ सालीं प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें आणि १९९१ सालीं तेथें परम ८००० हा महासंगणक तयार झाला. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत मॉन्सूनच्या अंदाजासाठीं वातावरणाचीं समीकरणें महासंगणकावर सोडविलीं जातात. त्या अंदाजाकडे शेतकरी डोळे लावून बसतो, तेव्हां उत्तर किती विश्वसनीय हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं. पुण्यास आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रांत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत कोलाहलांतून कसा निवडून काढावा, ह्याचें मोठें काम केलें. दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन होतांना कशी लहर निघेल, हें आइनस्टाइनच्या समीकरणांतून संगणकानें प्रथम २००५ सालीं यशस्वीपणें काढतां आलें, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजीं तशी लहर अमेरिकेंतील वेधयंत्रांत प्रत्यक्ष उमटली. असेंच एक वेधयंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यांत उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे. त्यांतून येणाऱ्या संकेतांचा अर्थ लावण्यास जीं माणसें लागतील, तीं आज कोठल्या तरी कॉलेजाच्या बांकावर बसलेलीं असतील.

मात्र केवळ नोकरीच्या आशेनें ह्या विषयाकडे येऊं नये. पी हळद आणि हो गोरी असा हा प्रकार नाहीं. ज्याला एखाद्या गोष्टीचें कारण कळल्यावांचून चैन पडत नाहीं, जो एका चुकीच्या आंकड्यामागें चार दिवस न कंटाळतां लागूं शकतो, आणि ज्याला स्वतःच्या उत्तराबद्दल शंका घेण्याची लाज वाटत नाहीं, त्याला ही विद्या मानवेल. प्रवेश घेण्यापूर्वीं त्यानें आणि त्याच्या पालकांनीं त्या संस्थेस तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. पदार्थविज्ञानाचे मूळ विषय पूर्ण शिकविले जातात, कीं त्यांना कात्री लावून त्यांच्या जागीं संगणकभाषा घातल्या आहेत? हाताळावयाच्या प्रयोगशाळेंत विद्यार्थी किती वेळ घालवितो? आणि शेवटचा प्रकल्प विद्यार्थ्यास स्वतः करावा लागतो, कीं तयार आज्ञावली चालवून दाखविली म्हणजे पुरतें? पहिल्याचें उत्तर समाधानकारक नसेल तर पदवीचें नांव कितीहि आकर्षक असो, आधीं कळस मग पाया असा प्रकार होईल. अशा वेळीं पदार्थविज्ञानाची साधी पदवी घेऊन संगणनाचा अभ्यास जोडीला करणें, हाच शहाणपणाचा मार्ग.

कित्येक पालक आतां विचारतात कीं, यंत्र स्वतःच आज्ञावली लिहून देऊं लागलें आहे, मग मुलानें हें सर्व शिकावें कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. पण लंबकाची गोष्ट आठवा. तेथें आज्ञावली निर्दोष होती, गणना निर्दोष होती, आणि लंबक तरीहि आपोआप उंच उंच चढत होता. आज्ञावली माणसानें लिहिली काय किंवा यंत्रानें लिहिली काय, तें उत्तर पाहून ‘असा लंबक जगांत नाहीं’ असें म्हणणारा कोणी तरी समोर बसलेला असावाच लागतो. आज्ञावली लिहिण्याचे कष्ट जितके कमी होतील तितकीं उत्तरें अधिक निघतील, आणि जितकीं उत्तरें अधिक तितकी पारख करणारांची गरज अधिक. सोन्याचा बाजार वाढला म्हणून कसोटीचा दगड कोणी फेंकून देत नाहीं.

क्लेरोजवळ यंत्र नव्हतें, पण आपलें उत्तर कितपत चुकूं शकेल हें त्यानें उत्तराबरोबरच सांगितलें. आपल्या मुलांच्या हातीं आज त्याला स्वप्नांतहि न दिसलेलीं यंत्रें आहेत. त्यांच्या जोडीला क्लेरोचा तो प्रामाणिकपणा ज्या कॉलेजांत शिकविला जात असेल, तेथें ह्या पदवीसाठीं घातलेलीं वर्षें वायां जाणार नाहींत, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.